नऊची बेरीज आणि बंद खिडक्या

मोठ्या सिस्टरांच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी, आणि दोघांचं मिळून वजन एका धडधाकट बाळाइतकं. त्याच वर्षी रुग्णालयातले जुने केसपेपर माळ्यावर गेले आणि प्रत्येक टेबलावर संगणक आला. आणि त्याच वर्षी दर सोमवारी सकाळी तळमजल्याच्या बोळात पाय ठेवायला जागा उरेनाशी झाली.

गर्दी कुणाची म्हणाल, तर सगळ्यांची. वॉर्डातल्या सिस्टर, नोंदणीचे कारकून, औषधांच्या खिडकीवरचा माणूस, लॅबवाला, आणि या सगळ्यांना शोधत आलेले पेशंटांचे नातेवाईक. पायाला प्लास्टर असलेल्या एका गृहस्थाला तर त्याच्या मेहुण्याने चाकाच्या खुर्चीसकट पुढे घुसवलं होतं. यंत्र बरं होतंय तर पायही होईल, हा त्याचा हिशोब. सगळ्यांची तोंडं एका लोखंडी दाराकडे. दाराआड रुग्णालयाचा मुख्य संगणक आणि त्याच्यापुढे महाराज. आत घंटा वाजे. बोळ श्वास रोखून धरी. वर नोंदणीच्या टेबलावर बसलेली मुलगी तिथूनच ओरडून सांगे, नाही उघडलं. पुन्हा घंटा. नाही. पुन्हा घंटा, पुन्हा नाही. आणि मग केव्हातरी तिचा आवाज चढे, उघडलं म्हणून, आणि बोळभर हात जोडले जात.

दुखणं असं होतं. सकाळी संगणकापुढे बसलं की तो आधी नाव आणि पासवर्ड विचारी. ते दिलं की बराच वेळ विचार करी आणि शेवटी पडद्यावर लिही, की आपली ओळख पटत नाही. तीस तीस वर्षं नोकरी झालेल्यांची ओळख पटेना. लॅबवाला म्हणायचा, घरी बायको ओळख देत नाही, इथे यंत्र देत नाही, मी आहे ना एवढं तरी कुणी तपासून सांगा. पण हसण्यावारी नेऊन भागत नव्हतं. कुणाला कोणतं औषध चालत नाही, कुणाच्या रक्ताचा गट कोणता, सगळं त्या पेटीत कोंडलेलं.

महाराज जटादाढीवाले नव्हते. काळाबरोबर चालणारे होते. राखाडी कोट, कोटाला नऊ बटणं, हातात पितळी घंटा, आणि मागे एक शिष्य, पोट सुटलेला चाळिशीचा माणूस, जो कधीच काही बोलत नसे. बोलायचं काम महाराजांचं.

"यंत्राच्या पोटात काय आहे? शून्य आणि एक. शून्य म्हणजे माया. एक म्हणजे तो वरचा. आणि दोघांच्या पलीकडे पूर्ण कोण, तर नऊ. नऊला कशानेही गुणा, अंकांची बेरीज करत जा, शेवटी नऊच उरतो. माणूस माणसाला सोडतो, नऊ स्वतःला सोडत नाही."

हे चौथीतल्या कुठल्याही पोराला येतं. पण चौथीतलं पोर कोट घालून सांगत नाही, म्हणून त्याला कुणी हात जोडत नाही.

महाराजांना आणलं होतं रुग्णालयाच्या अधीक्षकांनी, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. साहेब नावाजलेले सर्जन. माणसाचं पोट उघडताना हात थरथरायचा नाही, पण गाडीसमोरून मांजर गेलं तर गाडी परत घराकडे. त्यांनी आपल्या खोलीचा नंबर बदलून घेतला होता, गाडीचा बदलून घेतला होता, आणि संगणक बसले तेव्हा सगळी यंत्रं महाराजांच्या हातून शुद्ध करून घेतली होती. शुद्ध करायचं म्हणजे नेमकं काय केलं, हे कुणी विचारलं नाही. साहेबांना विचारणार कोण?

एका सोमवारी मोठ्या सिस्टर त्या खोलीत गेल्या त्या दर्शनाला नव्हे. त्यांच्या वॉर्डात सकाळच्या इंजेक्शनांची वेळ टळत होती आणि औषधांची यादी उघडत नव्हती. त्या विचारायला म्हणून आत शिरल्या आणि गर्दीत अडकल्या. महाराजांनी घंटा वाजवली. उघडलं नाही. महाराज म्हणाले, खोलीत कातडं आहे. कातडी पट्टा घातलेले दोघे बाहेर गेले. घंटा. नाही. मग डावखुरा कारकून बाहेर गेला. मग सकाळी भांडून आलेली माणसं कोण, अशी विचारणा झाली, तशी निम्मी खोली आपणहून रिकामी झाली. तरी नाही. महाराजांच्या कपाळावर घाम आला. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, पण इथे अंगणातलं एकेक माणूस उचलून बाहेर ठेवणं चाललं होतं. शेवटी साहेब, शिष्य आणि सिस्टर एवढेच उरले, तेव्हा महाराजांनी सिस्टरांकडे पाहिलं.

"ताई, आपले यजमान काय करतात?"

"वारले. अकरा वर्षं झाली."

महाराजांनी डोळे मिटले. बोलायची गरज नव्हती, साहेबांनीच हाताने दाराकडे खूण केली. सिस्टर बाहेर आल्या, घंटा वाजली, आणि उघडलं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण त्या दिवसापासून फांदी सिस्टरांनी तोडली असं ठरलं. दुपारपर्यंत बोळातून वॉर्डात, वॉर्डातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गावात गेलं, की मोठ्या सिस्टरांचा पायगुण वाईट, यंत्रसुद्धा ओळखतं. साहेबांनी बोलावून घेतलं, चहा पाजला, आणि सांगितलं की तुमच्या अनुभवाचा उपयोग चादरींच्या कोठाराला व्हावा असं व्यवस्थापनाला वाटतं. जिने अर्धं गाव या जगात आणलं आणि उरलेल्याच्या उशाशी बसली, ती बाई तळमजल्यावर उशांचे अभ्रे मोजायला बसली.

तेही सोसलं असतं. पण गाव लहान होतं आणि लेकीची सासू महाराजांना मानणारी होती.

त्या रविवारी सिस्टर दोन लोकरी टोपडी घेऊन लेकीकडे गेल्या. विहीणबाईंनी पुढच्या खोलीत बसवलं, सरबत दिलं, तब्येतीची चौकशी केली. बाळं आतल्या खोलीत. दाराला वरच्या बाजूला काच होती. विहीणबाई म्हणाल्या, "राग मानू नका हो. बाळं अजून नाजूक आहेत. जरा अंग धरू देत, मग घ्या मांडीवर हवं तेवढं. आता इथूनच बघा." सिस्टरांनी काचेतून बघितलं. लेक आत पाळण्याशी पाठमोरी उभी होती आणि वळली नाही. जावई वर्तमानपत्र वाचत होता, एकच पान, बराच वेळ. सिस्टर टोपडी टेबलावर ठेवून घरी आल्या.

माणसाला दहा दिवस वेडा म्हटलं की अकराव्या दिवशी तो आपलं डोकं चाचपून बघतो. सिस्टरांचं तसंच झालं. एकदा वॉर्डासमोरून जाताना त्यांनी पाऊल उचललं आणि उंबऱ्यापाशी मागे घेतलं. आत एक अशक्त बाळ होतं. न जाणो. घरी जाऊन त्या स्वतःवरच चिडल्या, पण पाऊल मागे घेतलं ते घेतलंच.

काही आठवड्यांनी मागच्या बाजूला नवी इमारत पुरी झाली आणि तिथलं क्ष-किरण यंत्र जुन्या संगणकांना जोडायला शहरातून एक बाई आल्या. संगणकांची जाळी जोडणं आणि त्यांना संरक्षक भिंत घालणं हा त्यांचा धंदा, म्हणून लॅबवाल्याने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव भिंतवाली ठेवलं. मुख्य संगणकाची खोली थंडगार ठेवलेली असे. भिंतवाली कुडकुडत शेजारच्या कोठारात घोंगडी मागायला आल्या आणि सिस्टरांनी घोंगडीबरोबर चहाही दिला. बसल्या बसल्या भिंतवालीने विचारलं, की सोमवारी इथे घंटा वाजते म्हणतात, ती काय भानगड आहे.

सिस्टरांनी जे होतं ते सांगितलं, आपल्या पायगुणासकट. आणि आणखी एक सांगितलं. कोठाराची आणि त्या खोलीची भिंत एकच, पातळ. घंटा वाजली की लगेच पलीकडच्या यंत्राची घरघर थांबते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. दर घंटेला. कधी दोन घंटांत काम होतं, कधी वीस होतात.

भिंतवालीने कप खाली ठेवला. घोंगडी गुंडाळून त्या खोलीत गेल्या, आणि पुष्कळ वेळाने परत आल्या त्या तोंडावर हात दाबून. हसू की रडू असं झालेलं. म्हणाल्या, चला, दाखवते.

"असं समजा, की या यंत्रात एक मुनीम बसलाय. रुग्णालयात कोण कोण आहे, कुणाला काय बघायची मुभा, सगळं त्याला पाठ. वरचे संगणक दर सकाळी त्याला विचारतात, ही बाई आपली का? तो हो म्हणाला तर उघडतात. चोर येऊ नये म्हणून त्याच्याभोवती भिंत, आणि भिंतीला हजारो खिडक्या, प्रत्येकीला नंबर. थोड्या खिडक्या कायमच्या ठरलेल्या. त्यांच्यातल्या एकीवर टकटक केलं की उत्तर येतं, तुमचं काम आज अमुक नंबरच्या खिडकीवर. हा अमुक नंबर मुनीम दर वेळी जागा झाला की नवा घेतो, मोठ्या नंबरांच्या हजारोंतला हाताला लागेल तो."

"आणि ती खिडकी बंद असली तर?"

"तर वरचे संगणक डोकं आपटून परत येतात आणि ओळख पटत नाही म्हणून लिहितात. आता तुमच्या भिंतीतल्या मोठ्या नंबरांच्या खिडक्या बघा. कोणत्या उघड्या आहेत?"

सिस्टरांनी पडद्यावर बघितलं. रोज औषधाचे थेंब मोजणारी बाई, तिला वेळ लागला नाही. उघड्या खिडक्या तेवढ्याच, ज्यांच्या नंबरातल्या अंकांची बेरीज नऊ येत होती. बाकी सगळ्या बंद. नऊत एक उघडी.

महाराजांनी यंत्र शुद्ध केलं होतं ते हे. मुनीम दर रविवारी रात्री दुरुस्त्या घेऊन आपोआप झोपायचा आणि जागा व्हायचा, नवा नंबर घ्यायचा, आणि नऊ सोमवारांपैकी आठ सोमवार तो बंद खिडकीचा निघायचा. मग महाराज घंटा वाजवत, शिष्य कपाटाआड हात घालून यंत्र बंद करून चालू करी, आणखी नवा नंबर. फासे टाकत राहायचं, हवं ते दान पडेपर्यंत. मध्येच कुणाकुणाला बाहेर काढायचं. दान पडलं तेव्हा जो शेवटी बाहेर गेलेला असेल, पाप त्याचं. आणि नवव्या सोमवारी आपसूक उघडलं, तर साहेबांनी आदल्या दिवशी महाराजांची आठवण काढली होती म्हणून. रोग लावणाराच वैद्य, आणि वर रोग्याची कृतज्ञताही त्यालाच.

"पंधरा वर्षं भिंती घालतेय," भिंतवाली म्हणाल्या. "चोराला भिऊन बंद केलेल्या खिडक्या पाहिल्या, आळसाने उघड्या टाकलेल्या पाहिल्या. मुहूर्तावर बांधलेली भिंत पहिल्यांदा पाहतेय. आता सांगा, पेशंटला बरं वाटलं तर ते कशामुळे, हे तुम्ही कसं ठरवता?"

"एका वेळी एकच औषध बदलतो," सिस्टर म्हणाल्या.

"मग सोमवारी तेच करू. तुम्हाला आत बसावं लागेल."

सिस्टरांना वाटलं, आपण आत बसलो आणि यंत्र खरंच उघडलं नाही तर? मग गावात तोंड दाखवायला जागा नाही, आणि ती काच जन्मभराची. पण ती काच आताही होतीच.

सोमवारी भिंतवालीने साहेबांना सांगितलं, की नवीन यंत्र जोडण्याआधी मला महाराजांची क्रिया जवळून बघायची आहे. साहेब खूष झाले. शहरातली शिकलेली बाई दर्शनाला येते म्हटल्यावर महाराज कोटाची नऊही बटणं लावून आले. भिंतवालीने एकच विनंती केली: शिष्यमहाशयांनी जरा बोळात, सगळ्यांसमोर, हात मांडीवर ठेवून बसावं. आणि सिस्टरांसाठी खोलीत एक स्टूल मांडलं.

महाराजांनी घंटा वाजवली. नाही. वाजवत राहिले. नाही, नाही, नाही. यंत्राची घरघर अखंड चालू. महाराज म्हणाले, ही बाई आत असेपर्यंत काही होणे नाही. बरं, म्हणून सिस्टर उठल्या, बोळातून, फाटकातून बाहेर जाऊन रस्त्यापलीकडे उभ्या राहिल्या. घंटा वाजून वाजून लोलक निसटला आणि कपाटाखाली गेला. उघडलं नाही ते नाहीच. बोळात चुळबूळ सुरू झाली. लॅबवाला म्हणाला, आता आमच्यातलं कोण जाऊ, सांगा, तशी सुट्टी हवीच होती.

मग सिस्टरांना पुन्हा स्टुलावर बसवलं आणि शिष्याला आत सोडलं. भिंतवाली म्हणाल्या, तुम्ही दर वेळी करता तेवढंच करा. शिष्याने महाराजांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि निमूट कपाटाआड हात घातला. घरघर थांबली, सुरू झाली. भिंतवालीने पडद्यावरचा नंबर मोठ्याने वाचला: चार, नऊ, सहा, सहा, सात. बेरीज बत्तीस, म्हणजे पाच. खिडकी बंद. नोंदणीची मुलगी वरून म्हणाली, नाही. पुन्हा. पुन्हा. दर नंबराची बेरीज आता सगळा बोळ करू लागला. आणि मग आला चार, नऊ, सहा, सात, एक. सत्तावीस, म्हणजे नऊ, आणि मुलीने सांगायच्या आधीच बोळ म्हणाला, उघडलं. सिस्टर स्टुलावरच होत्या.

आता शेवटचं औषध. भिंतवालीने रुग्णालयाच्या संगणकांपासून मुनिमापर्यंतच्या त्या सगळ्या खिडक्या उघडल्या. फक्त आतल्यांसाठी. बाहेरच्या जगासाठी भिंत होती तशीच ठेवली, कारण दोष भिंतीत नव्हता, भिंत बिचारी सांगितलं तेवढं करते. मग यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं. बेरीज पाच आली, दोन आली, आठ आली. दर वेळी उघडलं. घंटेशिवाय.

शिष्याला विचारलं तेव्हा तो पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, मला नऊच्या महिम्यातलं काही कळत नाही, बंद करून चालू केलं की कधीतरी चालतं एवढं कळतं. भिंतीची मांडणी त्यानेच केली होती, महाराजांच्या सांगण्यावरून. सुरुवातीला महाराजांनी ठरलेल्या खिडक्यासुद्धा बेरीज लावून बंद करायला सांगितल्या होत्या. याने सांगितलं, मग काहीच चालणार नाही. तेव्हा महाराजांना तिथल्या तिथे साक्षात्कार झाला, की त्या वडिलोपार्जित आहेत, त्यांना दोष लागत नाही. शिवाय त्यांच्यातल्या एकीचा नंबर एकशे पस्तीस. एक, तीन, पाच, नऊ. यंत्र करणाऱ्यालाही ठाऊक होतं म्हणे.

महाराज कपाटाखालचा लोलक न काढताच निघून गेले. साहेब म्हणाले, म्हणजे इतके दिवस महाराजांनी कसंबसं सांभाळून घेतलं म्हणायचं. शिकलेल्या माणसाला फसवणं सोपं, त्याला फसला होता हे पटवणं अवघड. पण बोळभर माणसं बघत होती, तेव्हा सिस्टरांना वॉर्डात परत पाठवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

संध्याकाळी सिस्टर लेकीकडे गेल्या. बातमी त्यांच्याआधी पोचली होती. विहीणबाईंनी पुढच्या खोलीतच बसवलं. म्हणाल्या, यंत्राचं कळलं हो, चांगलंच झालं. पण यंत्राचं वेगळं, लेकराचं वेगळं. शंभर तोंडं बोलतात तेव्हा थोडं तरी असतंच.

सिस्टर म्हणाल्या, "शंभर तोंडं बोलत होती, विहीणबाई. पण मोजलं एकानेही नव्हतं."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. लेक मुलीला घेऊन उभी होती. सासूकडे तिने बघितलं नाही.

"आई, हात धुतलेस?"

"आल्या आल्या धुतले."

"मग घे."

जावयाने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि मुलाला आणायला आत गेला. विहीणबाई सरबत करायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या.

पायगुण असतो की नाही, हे ठरवायला विद्वान लागत नाही. कुणावर बोट ठेवायच्या आधी एवढंच विचारावं, की तो माणूस नसताना काय होतं, आणि असताना काय होतं, आणि मधल्या वेळी कपाटाआड कुणाचा हात होता. फळलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं. न फळलेलंही मोजावं. बाळाला जपायचं तर विधवेच्या पायाकडे नाही, हाताकडे बघावं, आणि तेही सगळ्यांच्याच.

महाराजांचं काय झालं? पुढच्या गावात त्यांचं बरं चाललं. विहीणबाई सुनेला न सांगता त्यांच्याकडे जातच राहिल्या. विहीणबाईंच्या हृदयाची झडप बरीच वर्षं खराब होती. जुळी चालायला लागली त्या जानेवारीत डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करायला सांगितलं. महाराजांनी तारीख पुढे ढकलून फेब्रुवारीची सत्तावीस दिली, बेरीज नऊ. त्याआधीच विहीणबाईंना वॉर्डात आणावं लागलं, तेव्हा ड्यूटीवर मोठ्या सिस्टर होत्या, म्हणून लोक पुन्हा कुजबुजले. विहीणबाईंचा हात शेवटपर्यंत सिस्टरांच्या हातात होता. विहीणबाई वारल्या त्या झडपेच्या दुखण्याने, अठरा फेब्रुवारीला, दुपारी.